थर्झाच्या खुंट्या

बायकोला मूठमाती देताना क्लिफर्ड एंडाकॉटच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही, हे गावाने नीट पाहून ठेवलं होतं. चॅपलमध्ये तो टोपी मांडीवर धरून बसला आणि बाहेर पडल्यावर, गायी धारेच्या खोळंबल्यात, म्हणून सरळ चालू लागला. दगड आहे नुसता, गाव म्हणालं. त्यालाही तसंच वाटत होतं. थर्झा मार्चमध्ये गेली, आता सप्टेंबर लागला, तरी आत काही हलत नव्हतं. शेजारीच राहणारी त्याची बहीण उना रोज येऊन चहा-जेवणाचं बघायची. पुढ्यात येईल ते तो गिळायचा, पण चव म्हणून काही लागत नसे.

थर्झाची एक खोड होती. दर सप्टेंबरात तंबू पाठीवर मारून ती डार्टमूरच्या उघड्या माळावर एकटीच एक रात्र काढून यायची. कुठे जातेस विचारलं, की नुसता उत्तरेकडे हात उडवायची. परत आली की तंबूची एक खुंटी हमखास कमी असे. "पिक्सींनी नेली," असं माळावरच्या खोडकर बुटक्या भुतांवर ढकलून मोकळी. मग क्लिफर्ड कुरकुरत हेझलच्या काठीची नवी खुंटी तासायचा आणि डोक्याशी दोन खाचा पाडायचा.

यंदा त्याने गायी उनाच्या गळ्यात घातल्या आणि तंबू उचलला. तिला तिथे जे मिळत होतं, ते आपल्याला मिळालं तर बघावं. नाही मिळालं तर परत तरी कशाला यायचं? हा विचार मनात आला आणि त्याची भीतीही वाटली नाही, हेच वाईट होतं. उनाला वास लागला असावा. तिने फाटकाशी त्याची कॉलर धरली.

"धुकं उतरलं तर कोट उलटा करून घाल. हसू नकोस."

"हसतोय कुठे मी?"

"तेच तर," उना म्हणाली.

पिक्सींचा चकवा लागला तर कोट उलटा घालायचा, की वाट सापडते आणि माणूस घरी पोचतो. माळाच्या काठचं शेंबडं पोरही हे जाणतं.

तो दिवसभर गवत, पाणथळ आणि कातळ तुडवत चालला. तिसऱ्या प्रहरी धुकं उतरलं. एक कलंडलेला दगडी खांब लागला, आणि बरंच चालल्यावर पुन्हा तोच लागला. चकवाच. क्लिफर्डचा हात कोटाच्या बटणावर गेला आणि तिथेच थांबला. उपाय घरी नेणारा होता, आणि घरी होतं कोण? त्याने कोट सुलटाच ठेवला. उतारावर जरा सपाट जागा लागली, तिथे तंबू ठोकला, पाव-चीज चावलं आणि आडवा झाला.

सकाळी लख्ख उघडलं होतं. खुंट्या उपटताना हाताला हेदरच्या झुडपात आणखी एक लागली. करडी पडलेली, डोक्याशी दोन खाचा. तिच्याशेजारी दुसरी, पलीकडे तिसरी. शेवटची तर हात लावताच भुगा झाली. त्याने मान वर केली, तर समोर खाली त्याचंच घर होतं. गोठा, अंगण, सगळं तळहातावर असल्यासारखं.

उत्तरेला हात उडवून ही बाई वळसा घालून इथे येऊन बसायची. आणि तो दरवर्षी त्या रात्री निजायच्या आधी कंदील घेऊन अंगणात येऊन तिच्या काळजीने माळाकडे बघत उभा राहायचा. हे त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच नव्हती. तिने ते दरवर्षी पाहिलं होतं. क्लिफर्ड तिथेच मटकन बसला.

उठल्यावर त्याने आपल्या तंबूची एक खुंटी जमिनीत तशीच ठेवली. मग वाट उघडी दिसत असूनही कोट काढला, उलटा करून घातला आणि उतरला.

उना दाराशी उभी होती. "धुकं कधीच गेलं की. कोट का उलटा?"

"घरी यायचं होतं."

तिने चहा आणून ठेवला. त्याने घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"साखर नाही यात."

"मार्चपासून घालत नाहीये," उना म्हणाली आणि साखरेचा डबा पुढे सरकवला.