शुभविवाह पॅकेजमधली चौदावी टेस्ट

लॅबमध्ये रक्त फार दिवस ठेवत नाहीत. रिपोर्ट गेला, आठवडा उलटला, की नळी कचऱ्यात. किस्से मात्र असे टाकून देता येत नाहीत, आणि त्यांना फ्रीजही लागत नाही! मी दक्षिण कोलकात्यातल्या एका लहानशा लॅबमध्ये पॅथॉलॉजिस्ट आहे. फौजी नवऱ्याची फोर्ट विल्यमला बदली झाली म्हणून इथं आले. पुढे त्याची आणखी दोनदा बदली झाली, माझी काही झाली नाही. रिटायर होऊन तोच परत इथं आला, आणि आता रोज जेवताना विचारतो, "आज काय नवीन?" नावं आणि पत्ते अर्थातच बदललेत. फक्त आमचे मालक तारापदबाबू म्हणाले, "माझं खरंच ठेवा मॅडाम, फुकट पब्लिसिटी!" तेही मी बदललंय, पण त्यांना सांगितलेलं नाही.

*

कोलकात्यात लग्नाआधी थॅलेसेमियाची टेस्ट करायची चांगली पद्धत आहे. तारापदबाबूंनी तिच्यात शुगर घातली, थायरॉइड घातलं, कावीळ, एचआयव्ही असं घालत घालत 'शुभविवाह पॅकेज' तयार केलं. मग पलीकडच्या गल्लीतल्या लॅबनं तेरा टेस्टचं पॅकेज काढलं आणि यांची झोप उडाली. आपल्याकडे चौदा पाहिजेत! चौदावी म्हणून त्यांनी हर्पिस घातली.

मी म्हटलं, "अहो, अंगावर फोड नाही, काही तक्रार नाही, अशा माणसाची ही टेस्ट उगाच करू नये. उत्तरं कमी मिळतात, भांडणं जास्त."

"मॅडाम, लग्नाच्या जेवणात फिश फ्राय सगळेच देतात. लोक लक्षात ठेवतात ती कविराजी!"

अंड्याच्या जाळीत तळलेलं ते कविराजी कटलेट मलाही फार आवडतं, त्यामुळे माझं लक्ष क्षणभर तिकडे गेलं. तेवढ्यात त्यांनी बोर्ड रंगवायला दिला. वर आणखी डोकं चालवलं. वधूवरांचे रिपोर्ट एकाच लाल पाकिटात घालायचे, पाकिटावर बंगाली लग्नपत्रिकेवर असतं तसं सोनेरी फुलपाखरू, आणि पाकीट थेट मुलाच्या घरी!

*

त्यातलं एक पाकीट केतकीचं निघालं. केतकी माझ्या महाराष्ट्र मंडळातल्या मैत्रिणीची मुलगी, जन्मली-वाढली कोलकात्यातच, मला मावशी म्हणते. अनिर्बाणशी तिचं कॉलेजपासून जमलेलं, लग्न अग्रहायणात, म्हणजे मार्गशीर्षाच्या सुमारास ठरलेलं. पाकीट उघडलं अनिर्बाणच्या जेठूंनी, म्हणजे थोरल्या काकांनी. अनिर्बाणचं सगळं निगेटिव्ह. केतकीच्या कागदावर हर्पिस टाइप टू पॉझिटिव्ह, आकडा १.३.

जेठू रिटायर्ड हेडमास्तर. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यापुढे हजर.

"एक पूर्णांक तीन. कितीपैकी?"

"पैकी नसतं हो. ०.९च्या खाली निगेटिव्ह, १.१च्या वर पॉझिटिव्ह."

"म्हणजे मुलगी काठावर आहे."

"हो, आणि काठावरचं पॉझिटिव्ह पुष्कळदा खोटं निघतं. आमचं किट भलत्याच कशाला तरी फसतं. वेगळ्या पद्धतीनं पुन्हा टेस्ट करून खात्री करायची. ती सोय इथं नाही, नमुना बाहेरगावी पाठवते. वेळ लागेल."

हेडमास्तरांचा चेहरा उजळला. "रिचेकिंग! मग आधी टोटल करून बघायला सांगा. पुष्कळदा आतलं एखादं पान तपासायचं राहून जातं!"

पण जाता जाता एक सांगून गेले. दुसरा रिपोर्ट येईपर्यंत लग्नाची कार्डं छापायला जाणार नाहीत.

संध्याकाळी केतकी आली आणि माझ्या टेबलावर डोकं ठेवून रडली. "मावशी, मी काही केलंच नाही तर हे आलं कुठून? आता त्या घरात सगळे मला कसे बघतील?" मला इतका राग आला, की त्या महिन्यात मी कविराजीला हात लावला नाही. अनिर्बाण शेजारी तिची पर्स धरून उभा होता. म्हणाला, "मला रिपोर्ट नकोच आहे, मला केतकी हवी."

"हे जेठूंना सांगितलंस?"

"अजून नाही."

त्या घरात जेठूंपुढे कुणी बोलत नाही, आणि जेठू त्यांच्या आईपुढे बोलत नाहीत.

*

आमच्याकडे उलट्या तऱ्हेचेही लोक येतात. सॉल्ट लेकमधला एक आयटीवाला पोरगा घामाघूम होऊन आला. परवा काहीतरी घडलं होतं, आणि त्याला आजच्या आज हर्पिस झालाय का ते कळायला हवं होतं.

मी समजावलं, "अरे, शरीराला अँटिबॉडी तयार करायला आठवडे लागतात. आज निगेटिव्ह आलं तरी त्याला काही अर्थ नाही. फोड आला तर लगेच ये, त्याचा स्वॅब घेऊ. नाहीतर तीन महिन्यांनी ये."

"मॅडाम, तत्कालमध्ये नाही का होत?"

"ही काय हावडा-पुणे गाडी आहे?"

त्यानं बराच विचार केला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि उपाशीपोटी आलो तर?"

*

एका सकाळी बेहाला भागातले एक सद्गृहस्थ छातीला टॉवेल गुंडाळून आले. पाठीपासून छातीपर्यंत फोडांचा पट्टा, आग आग होत होती. कुणा भाच्यानं बघितलं आणि घरभर ओरडला, "हर्पिस!" बायको बॅग भरून माहेरी गेली. वय वर्षं अडुसष्ट, माहेरी फक्त एक भाऊ, तोही हिला कंटाळलेला.

त्यांना रक्ताची टेस्ट हवी होती, निर्दोष ठरायला. मी म्हटलं, टेस्ट कशाला? ही नागीण आहे. लहानपणी कांजिण्या आल्या होत्या ना, त्यांचाच विषाणू अंगात झोपला होता तो उठलाय. लग्नाच्या पॅकेजमधला हर्पिस तो वेगळा. लगेच डॉक्टरांकडे जाऊन गोळ्या सुरू करा.

"हे लिहून द्या."

दिलं. महिन्याभरानं जोडीनं मिठाई घेऊन आले. बाई म्हणाल्या, माझी चिठ्ठी त्यांनी लॅमिनेट करून बैठकीच्या खोलीत लावली आहे, सासऱ्यांच्या फोटोशेजारी. "पाहुणे आले, की आधी ती वाचायला लावतात. मगच चहा!"

*

या सगळ्यात आमची रिसेप्शनिस्ट मिठू. स्वभावानं सोनं, पण आवाज असा, की ती कुजबुजली तरी ट्रामच्या स्टॉपवर ऐकू जातं. हर्पिसचे रिपोर्ट फोनवर सांगू नकोस म्हटलं तरी लोक फोन करतात आणि ही सांगते. मी रागावले तेव्हा तिनं आपल्या डोक्यानं तोड काढली. टाइप वनला रुई म्हणायचं आणि टाइप टूला इलिश. रुई म्हणजे रोहू मासा, घरोघरी असणारा. टाइप वनही तसाच, लहानपणी कुणी मुका घेतला की मिळतो, पुष्कळांच्या अंगात निवांत पडून असतो. इलिश म्हणजे हिल्सा, तो सगळ्यांच्या ताटात नसतो. शास्त्राच्या दृष्टीनं मला यात काही चूक काढता येईना.

जेठू तेव्हा रोज सकाळी पेपर घेऊन आमच्याच बाकावर बसत, केतकीचा रिपोर्ट आला का बघायला. एक दिवस मिठू फोनवर खड्या आवाजात, "हो काका, रुई पॉझिटिव्ह, पण इलिश एकदम निगेटिव्ह!"

जेठूंनी पेपर खाली केला. "यंदा सगळीकडेच निगेटिव्ह आहे. गरियाहाटच्या मासळीबाजारात जाऊन बघा, हात लावायची सोय नाही!"

त्यावर बाकावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पुढचा तासभर तिथं फक्त माशांच्या भावाची चर्चा झाली. कुणी रिपोर्टचं नाव काढलं नाही.

*

केतकीचा दुसरा रिपोर्ट शेवटी आला. स्वच्छ निगेटिव्ह! पण तोवर त्याची वाट कुणीच बघत नव्हतं, कारण त्याआधी ठाकुमा येऊन गेल्या होत्या.

ठाकुमा म्हणजे अनिर्बाणची आजी, जेठूंची आई. ऐंशीच्या पुढे, कडक इस्त्रीची सुती साडी, तोंडात पान. त्यांनी जेठूंना बाहेर बाकावर बसवलं, आत आल्या आणि दार लावून घेतलं.

"शोनो मा," त्या म्हणाल्या. शोनो म्हणजे ऐक, आणि इथल्या म्हाताऱ्या लेकीच्या वयाच्या बाईला मा म्हणतात. "त्या मुलीला जे झालंय म्हणतात, त्यानं माणूस मरतं?"

"नाही हो."

"मुलंबाळं?"

"होतात की. डॉक्टरांना आधी सांगायचं, थोडी काळजी घ्यायची. आणि तिला ते झालंय असं अजून ठरलेलंच नाही."

"मग माझंही रक्त घे."

"कशाला ठाकुमा? काही त्रास आहे का तुम्हाला?"

"काही नाही. पण सुनेला ज्या परीक्षेला बसवायचं, तिला आधी सासरच्यांनी बसावं. हे घे." आणि हात पुढे केला. मी पुष्कळ समजावलं, पण हात काही मागे गेला नाही.

रिपोर्ट घ्यायलाही त्या स्वतःच आल्या. जेठू पुन्हा बाकावर. त्या आत येण्याआधी मी ग्लासभर पाणी प्यायले. टाइप वन पॉझिटिव्ह, त्यात विशेष काही नाही. पण टाइप टूही पॉझिटिव्ह होतं, आणि आकडा दणदणीत, शंकेला जागाच नाही. जेठूंच्या तोंडून त्यांचे वडील मला पाठ झाले होते. कोलकात्याबाहेर बजबज गावच्या ज्यूट मिलमध्ये मॅनेजर, आठवडाभर तिथल्या क्वार्टरमध्ये मुक्काम, शनिवारी लोकलनं घरी. देवमाणूस, चहासुद्धा प्यायचे नाहीत! त्यांना जाऊन वीस वर्षं झाली होती.

मी जमेल तितक्या हळुवारपणे सांगितलं. ठाकुमांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पुन्हा टेस्ट करायची?"

"गरज नाही. इतका मोठा आकडा सहसा चुकत नाही."

"कधीचं असेल?"

"ते रिपोर्टवरून कळत नाही. कितीही जुनं असू शकतं."

"कुणाकडून आलं?"

"तेही कळत नाही."

त्या खिडकीकडे बघत राहिल्या. आता रडतील असं वाटून मी टिश्यूचा डबा पुढे सरकवला.

"अगदी नक्की ना, मा? कुणी कुणाला दिलं, ते कुठल्याच मशीनला कळत नाही?"

"कुठल्याच नाही."

ठाकुमांनी टिश्यू काढला, ओठावरचं पान पुसलं आणि माझ्या गालाला हात लावून म्हणाल्या, "फार चांगली टेस्ट आहे."

मग दार उघडलं. पासष्टीच्या हेडमास्तरांना त्या खोका म्हणतात, म्हणजे बाळ.

"खोका, कार्डं छापायला टाक. आजच."

जेठू चटकन उभे राहिले. "पण मा, मुलीचा रिपोर्ट अजून..."

"माझा आला. आणि हे बघ, कार्डावर तुझ्या बाबांचं नाव सगळ्यात वर घाल. मोठ्या अक्षरात!"