पळसाखालचं नववं भोक

ज्याला स्वतःचं नाव लिहिता येत नाही, अशा माणसावर तुम्ही कधी जळला आहात का? खरं सांगा. मी जळलो. नऊ वर्षांच्या वर जळलो, आणि ते सांगायला आज बसलो आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

माझं नाव केशोराव. गोंदियात विडीच्या कारखान्यांतल्या बायाबापड्यांची सभा भरवतो, तो मीच. शाळेत एक दिवस गेलो नाही. मालधक्क्यावर पोती उचलता उचलता पोत्यांवरची अक्षरं ओळखली, मग रद्दीतले कागद वाचले, मराठी झाली, हिंदी झाली, इंग्रजीही अडखळत झाली. एवढं करून माझ्या सभेला माणसं यायची सतरा. आणि समोर दुधरामच्या चहाच्या दुकानात बिसराम कापगते बोलायला बसला की साठ!

बिसराम कोण? रेल्वेच्या साहेब लोकांनी वस्तीबाहेर गोल्फचं मैदान केलं होतं, नऊ भोकांचं, तिथला कॅडी. म्हणजे साहेबाच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन त्याच्या मागं चालणारा. साहेबानं गोळी, म्हणजे लिंबाएवढा चेंडू, भोकाकडे मारायची, यानं शोधायची. पावसाळ्यात मैदानात चिखल व्हायचा, खेळ बंद. चार महिने साहेब लोक क्लबच्या ओसरीवर बसून एकमेकांना कोडी घालायचे. कोण कितीदा जिंकलं, कोणत्या साली, किती फटक्यांत. बिसराम तिथं चहाचे ट्रे फिरवायचा आणि ऐकायचा. ऐकलेलं त्याच्या डोक्यातून कधी गेलं नाही. संध्याकाळी तेच सगळं तो दुधरामच्या बाकावर बसून आमच्या लोकांना सांगायचा.

"सांगा बरं," तो म्हणायचा, "विलायतेतल्या मोठ्या खेळात सन अठराशे एकाहत्तरात कोन जिंकलं?"

लोक काहीबाही नावं घ्यायचे. कोणी स्टेशनमास्तरचंही घ्यायचा.

"कोनीच नाई! धाकटा टॉम मॉरिस लागोपाठ तीन येळा जिंकला. अडुसष्ट, एकुनसत्तर, सत्तर. तं कायद्यानं बक्षिसाचा पट्टा कायमचा त्याच्याच घरी गेला. आता पट्टाच नाई तं खेळतील कायले? त्या साली खेळच झाला नाई."

"पट्टा म्हंजे कुस्तीवानी?"

"कमरेचा पट्टा, बावा. आन् अडुसष्टच्या आंधीच्या साली त्याचा बाप जिंकला होता. बाप शेचाळीस वर्साचा, पोरगा सतरा. जिंकनाऱ्यात सगळ्यात मोठा आन् सगळ्यात लहान, दोगंबी एकाच घरातले."

मी समोरून ओरडून विड्यांच्या मजुरीवर बोलत असायचो. दुधराम हात जोडायचा, "केशोभाऊ, तुमचं भाषन जरा थांबवा जी. पट्टा कुठं गेला ते आयकू द्या."

हे मी सहन करायचं? मी मालधक्क्यावरची रद्दी उपसली. एक इंग्रजी वर्तमानपत्र सापडलं, त्यात या खेळाची माहिती होती. दोन दिवस घोकलं. तिसऱ्या दिवशी भर दुकानात बिसरामला विचारलं, "हॅरी वार्डन कितीदा जिंकला?"

"सहा."

"चूक! पाच. हे पाहा, छापलं आहे."

त्यानं कागदाकडे पाहिलंही नाही. बोटं मोडत गेला. "शहान्नव, अठ्ठ्यान्नव, नव्व्यान्नव, तीन, अकरा, चवदा. तुमच्या कागदात चवदा साल नसन, भाऊ. कागद जुना असन."

मी तारीख पाहिली. एकोणीसशे तेरा. पोरंसोरं फिदीफिदी हसली, आणि त्यात माझ्या सभेतली चार होती.

त्याचं डोकं चालायचं ते मी समजू शकत होतो. त्याचा डोळा मात्र मला कधी समजला नाही. बिसराम नवेगाव बांधाकडचा कोहळी. या लोकांच्या बापजाद्यांनी गावोगाव तळी बांधली. पाणी कुठून येईल, कुठं थांबेल, पाळ कुठं घालायची, हे ते जमिनीकडे पाहून सांगतात. गोल्फच्या भोकाभोवती आपल्या इथं हिरवळ टिकत नाही, म्हणून वाळूत तेल कालवून गोल सपाट जागा करतात. ती दिसते सपाट, असते मात्र कुठंतरी झुकलेली. साहेब लोक वाकून वाकून बघायचे. बिसराम पोटावर पालथा पडायचा, गाल वाळूला लावायचा आणि म्हणायचा, "पानी डाव्या अंगानं जाईन." गोळी डाव्या अंगानंच जायची.

आता त्या दिवसाचं सांगतो. क्लबात एक रीत होती. पाऊस लागायच्या आधी मैदान बंद करायचं, त्या शेवटच्या दिवशी कॅडी लोकांना साहेबांच्या जुन्या काठ्यांनी खेळू द्यायचं. सन १९३८, जूनचा पहिला रविवार. प्रत्येकाचे फटके कार्डावर लिहायला लिहिता येणारा माणूस लागतो. तो बिसरामनं आणला. मला.

"केशोभाऊ," घरी येऊन म्हणाला, "आमच्यात लिवनारा तुमीच."

क्लबच्या भिंतीवर एक लाकडी फळी होती, तिच्यावर मैदानाचा विक्रम सोनेरी अक्षरांत. सेक्रेटरी पेल्हम साहेब, नऊ भोकं, पस्तीस फटके. या खेळात फटके जितके कमी, तितका माणूस मोठा. सात वर्षं कोणी हलवला नव्हता. त्या दिवशी आठ भोकं झाली आणि मी बेरीज केली तर बिसरामचे तीस. बातमी पसरली. साहेब, खानसामे, गवत कापणाऱ्या बाया, रस्त्यानं जाणारे, पन्नासेक माणसं नवव्या भोकाजवळ जमली. ते भोक एका पळसाखाली होतं. दोन फटक्यांत तो वाळूवर आला. भोक वीस हात लांब. बिसराम पालथा पडला, उठला, कपाळाची वाळू पुसली, आणि गोळी अशी काही आडवी ढकलली की साहेब लोक हसले. ती वळली. वळत वळत गेली आणि टप्पकन आत पडली.

तेहतीस.

पेल्हम साहेबानं टोपी काढली. माणूस खेळाडू होता, हे मला कबूल करावं लागतं. म्हणाला, "बिसराम, तुमारा नाम बोर्ड पर जाएगा. लेकिन कायदा कायदा है. कार्ड पर खेलनेवाले का निशान और लिखनेवाले का दस्तखत. दसहरे के पहले मेरे पास लाओ."

बिसरामनं तिथंच अंगठा उमटवला. उजवा अंगठा, विळ्यानं मधोमध चिरलेला, म्हणून ठशात आडवी रेघ. मग कार्ड माझ्याकडे आलं. पन्नास माणसं त्याच्याकडे पाहत होती. माझ्याकडे कोणी नाही.

"बेरीज घरी जाऊन तपासतो," मी म्हणालो आणि कार्ड खिशात घातलं.

पावसाळ्यात तो चारदा आला. पहिल्यांदा म्हणालो, तपासून राहिलो. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा माझं डोकं फिरलं. "गुलामांच्या छाताडावर बसणाऱ्यांची ती फळी! तिच्यावर नाव कायले पाहिजे रे तुले? लाज नाही वाटत?" काय जोरात बोललो! मलाच ते खरं वाटलं. खरं एवढंच होतं की सोनेरी अक्षरांत त्याचं नाव लागलं असतं तर मी गोंदिया सोडून गेलो असतो.

चौथ्यांदा म्हणालो, "कार्ड पावसात भिजलं. गेलं."

तो दारातूनच मागं वळला. "गेलं तं गेलं," म्हणाला.

मला वाटलं, जिंकलो. पण दुसऱ्याच आठवड्यात दुधरामच्या दुकानात कोणीतरी त्याला विचारलं, आपल्या मैदानाचा विक्रम कोणाचा? मी कान टवकारले.

"पेल्हम साहेब. पस्तीस."

"काऊन गा? तुह्ये तेहतीस नाई का?"

"फळीवर नाई ते विक्रम नाई."

नऊ वर्षं त्यानं हेच उत्तर दिलं. दर पावसाळ्यात. एकदाही माझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर मी भांडलो असतो, आणि भांडणात मी कोणाला हार जात नाही.

या वर्षीच्या जुलैत विडीवाल्या बायांची सभा होती. युद्धापासून कागद मिळत नाही, म्हणून भाषणाचे मुद्दे मी ट्रंकेतल्या एका जाड कार्डाच्या कोऱ्या बाजूवर लिहिले. कोणत्या, ते तुम्ही ओळखलंच. मस्ती होती, दुसरं काय! ते डोळ्यांपुढं धरून मी गरजत होतो, "मालकानं प्रत्येक मजुराचं नाव रजिस्टरात चढवलंच पाहिजे!"

पहिल्या रांगेतून बिसरामची बायको उठली. रुख्मा. विड्या वळते, सभेला कधी चुकत नाही.

"भाऊजी, तो कागद उलटा करा."

"मध्ये बोलू नका!"

"उलटा करा म्हनते ना. तो अंगठा माह्या मानसाचा हाये. रेघ पाहा." मला वाचता येतं, तिला येत नाही, आणि कार्डाची ती बाजू इतका वेळ तिच्याकडेच होती. "नावं चढवाले सांगून राहिले मालकाले. आन् हे नाव कोनं दाबलं? पान्यात भिजलं म्हने! इतकं कोरडं कसं हाये मंग?"

बाया हसल्या. मी कार्ड उलटं केलं. खाली उतरलो, पेन काढला, आणि तिच्यासमोर सही केली.

संध्याकाळी कार्ड घेऊन बिसरामकडे गेलो. त्याच्या डोळ्यांत आता मोतीबिंदू आहेत. मी माफी मागायची तयारी करून गेलो होतो. त्यानं विचारलं, "चवथ्या भोकावर किती लिवलं?"

"पाच."

"बराबर. नाल्यात गेली होती." मग त्यानं नऊही आकडे म्हणून दाखवले. चार, तीन, चार, पाच, तीन, चार, चार, तीन, तीन. मी कार्डावर बोट ठेवून तपासत होतो, आणि मनातल्या मनात पुन्हा जळत होतो.

आता पेल्हम साहेब विलायतेला गेले. क्लबावर आपले लोक आले, गेल्या पंधरवड्यात झेंडाही बदलला. फळी दसऱ्याला नव्यानं रंगणार आहे. नवा सेक्रेटरी कार्ड पाहून म्हणतो, "नऊ वर्षांचं कार्ड आणि सहीची शाई ओली! तुमच्या एकट्याच्या शब्दावर कसं लिहू? तो खेळ डोळ्यांनी पाहिलेला आणखी एक माणूस आणा." चिडलो, पण त्याच्या जागी मीही हेच म्हणालो असतो. त्या दिवशीच्या कॅडींपैकी दोघे वारले, बाकीचे युद्धात कुठं कुठं पांगले, आणि बघायला जमलेल्यांची नावं तेव्हा कोणी टिपली नाहीत.

तेव्हा तुम्हाला विचारतो. १९३८ च्या जूनमधल्या पहिल्या रविवारी पळसाखाली जमलेल्या पन्नास माणसांत तुम्ही होता का? गोळी आडवी गेली म्हणून हसला होता का? असाल तर दसऱ्याच्या आत दुधरामच्या दुकानात या. कार्ड त्याच्याकडे ठेवलं आहे, माझ्याकडे नाही. माझ्या सहीखाली तुमची सही करा. लिहिता येत नसेल तर अंगठा चालतो, मी विचारून ठेवलं आहे.