नावामागचं 'सौ.'

"'गं. भा.' राहणार. विषय संपला," आमचे मालक दत्तोपंत म्हणाले आणि प्रूफ माझ्याकडे सरकवलं. प्रूफ म्हणजे अंक छापण्याआधी चुका पाहायला काढलेला कच्चा कागद. मला त्यात एकच चूक दिसत होती, आणि नेमकी तीच त्यांना हवी होती.

निजामाचं राज्य नुकतंच गेलं होतं. पहिल्या निवडणुकीच्या मतदार याद्या बनत होत्या. काचीगुड्यातल्या त्या मराठी साप्ताहिकात मी बायकांचं पान बघायची. पान कसलं, लोणची, लोकर आणि नवऱ्याला खूश ठेवायच्या युक्त्या! मला वीट आला होता. म्हणून मलकपेठच्या शाळेत शिकवणाऱ्या कावेरीबाईंकडून लेख मागवला. यादीवाला दारात आला की बायका नावच सांगत नसत. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई', एवढंच. अशी नोंद गाळली जायची, म्हणजे मत गेलं. कावेरीबाईंनी ठणकावून लिहिलं होतं, आपलं नाव सांगा.

आणि त्यांच्याच नावामागे आम्ही गंगाभागीरथी लावणार! म्हणजे ही बाई विधवा आहे हे आधी वाचा, मग लेख. त्यांनी निरोप धाडला होता, "ते छापणार असाल तर लेख परत करा."

"रिवाज आहे," दत्तोपंत म्हणाले.

"मग संपादक म्हणून 'विधुर दत्तोपंत' छापू?"

ते लालबुंद झाले. "जीभ फार चालते तुझी! एवढा पुळका असेल तर पानावरच्या स्वतःच्या नावामागचं 'सौ.' पण काढ. आहे हिंमत?"

घरी सासू आहे, ही गप्प बसेल, असा त्यांचा हिशेब. मी तिथेच पेन उचललं आणि दोन्ही खोडून टाकली. भीती वाटली, पण संताप त्याहून मोठा होता. खिळे जुळवणाऱ्या सगळ्या कंपोझिटरांसमोर बोलून बसल्यामुळे दत्तोपंतांना शब्द फिरवता येईना.

अंक निघाला. सकाळीच शेजारच्या पाटलीणबाई डोळ्यांना पदर लावून दारात. दार उघडलं आमच्या ह्यांनी, तोंडाला दाढीचा साबण. बाई किंचाळल्याच.

"अगं, तुझं 'सौ.' गेलेलं बघून मी परेशान झाले! म्हटलं, भाऊजी गेले की काय!"

"हौ, गेलो होतो," हे म्हणाले. "चहाच्या वासाने परत आलो."

आत सासूबाई देव आठवत होत्या आणि मला शिव्या घालत होत्या. पाटलीणबाई मात्र जाईनात.

"काय झालं ते कळावं म्हणून अख्खं पान वाचलं गं. मी पण त्या यादीवाल्याला खाली 'पाटलांची बायको' एवढंच सांगितलं. आता बदलता येतं?"

"येतं की. नाव काय तुमचं?"

इतकी वर्षं शेजार, आणि मी आज विचारत होते.

"द्वारका," त्या म्हणाल्या. मग जरा मोठ्याने पुन्हा म्हणाल्या.

दत्तोपंतांकडे रागाची पत्रं पुष्कळ आली. पान माझ्याकडेच राहिलं, लोकर गेली. धंद्यातला धडा एवढाच, की बायकांच्या पानावरचा लेख वाचला जावा असं वाटत असेल, तर नवरा मेल्याची आवई उठू द्यावी. तो धडधाकट असला तर उत्तम.