आरशातलं रसायनशास्त्र

मगदूम सर आमच्या घरी आले की चपला काढता काढता आधी खिडकीतून सूर्य बघायचे. मनगटावर घड्याळ होतं, पण भरवसा सूर्यावर. सर जैन होते, आणि दिवस मावळल्यावर अन्नाचा कण तोंडात घालत नसत. मिरजेच्या आमच्या रेल्वे क्वार्टरमधून सिटी बस पकडून सांगलीला घरी पोचायचं, मग जेवायचं, असा त्यांचा हिशेब असे. म्हणून डोळ्यांवर हात धरून ते म्हणायचे, "अजून दोन हात वर हाय. लावा कॅसेट."

कॅसेट माझ्यासाठी असायची आणि मी खाटेवर उताणी पडलेली असायची. बारावी सायन्सचं वर्ष सुरू होऊन महिना झाला नाही तोच माझ्या मणक्याला क्षय झाल्याचं निघालं. डॉक्टरांनी मानेपासून कमरेपर्यंत प्लास्टर घातलं आणि जानेवारीपर्यंत उठायचं नाही, असं बजावलं. हजेरीची सूट दाखल्यावर मिळणार होती. अभ्यासाची सूट कोण देणार? दादा, म्हणजे माझे वडील, रेल्वेत गँगमन होते. आमच्या घरात कुणी दहावीपुढे गेलेलं नव्हतं. मामा येऊन सांगून गेले, "पाठीच्या दुखण्याची पोर. शिवणकाम शिकवा, बसल्या जागी हुतंय." दादांनी मला एकटीला गाठून सांगितलं, "सुनंदा, यंदाची परीक्षा दिलीस तर म्होरलं मी बघतो. वरीस गेलं तर मात्र सगळ्यांम्होरं माझं तोंड उघडायचं न्हाई."

बाकीचे विषय मैत्रिणींच्या वह्यांवर निभले असते. रसायनशास्त्र निभेना. दहावीपर्यंत सगळं मराठीत शिकलेली मी, आणि इथे पाठ्यपुस्तक इंग्रजी. मगदूम सर आमच्या कॉलेजात रसायनशास्त्राचे प्रमुख होते. वर्गात त्यांनी माझं नाव दोन-तीनदाच घेतलं असेल. दादा रजेचा अर्ज द्यायला गेले तेव्हा सरांनी फक्त पत्ता विचारला, आणि त्याच आठवड्यात पिशवीत व्हीसीआर घेऊन ते दारात उभे राहिले. तो त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या व्हिडिओच्या दुकानातला होता. टीव्हीवर दुपारी लागणारे इंग्रजी शैक्षणिक कार्यक्रम सरांनी गेली काही वर्षं टेप करून ठेवले होते. कॅसेटी मात्र जुन्या, लग्नाच्या. विद्युत अपघटनाचा धडा संपला की एकाएकी कुणाची तरी वरात सुरू व्हायची. आई स्वयंपाकघरातून धावत यायची आणि सर घाईने बटण दाबायचे. "आवं सर, नवरी तरी बघू द्या की," आई म्हणायची.

टीव्हीचा प्लग माझ्या डोक्यामागच्या भिंतीला होता आणि मला मान वळवता येत नव्हती. दादांनी केशकर्तनालयातून एक जुना आरसा मागून आणला आणि खाटेवर बांबू बांधून तो तिरका टांगला. त्या आरशात मला मागचा टीव्ही दिसायचा. टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट, चित्र उलटं, डाव्याचं उजवं झालेलं. अक्षरं उलटी वाचायची सवय मला चार दिवसांत लागली.

सरांची शिकवायची रीत ठरलेली होती. पहिल्यांदा आवाज बंद ठेवून कॅसेट दाखवायची आणि काय चाललंय ते मी मराठीत सांगायचं. मग कॅसेट थांबवून पुस्तकातलं तेच पान मोठ्याने वाचायचं. आई माझ्या तोंडावर पुस्तक धरून उभी राहायची. तिला त्यातलं एक अक्षर येत नव्हतं, पण पान संपलं की ते माझ्या डोळ्यांवरून ओळखून ती उलटायची. शेवटी आवाज लावून पुन्हा कॅसेट. तोवर ते इंग्रजी ओळखीचं वाटायला लागलेलं असे. परीक्षानळीत दुसरं द्रावण पडणार, तेवढ्यात सर चित्र थांबवायचे. "आता काय हुईल?" मी चुकले तर उत्तर सांगायचे नाहीत. "पुस्तकाला इचार. कॅसेट दाखवती, पर जबाबदारी घेत न्हाई. पुस्तक जबाबदारी घेतं, पर दाखवत न्हाई."

दोन द्रावणं मिसळून नळीच्या तळाशी साका पडला की आमच्या टीव्हीवर तो राखाडीच दिसायचा. शिशाचा, तांब्याचा, लोखंडाचा, सगळे राखाडी. रंग मी पुस्तकातून पाठ करायची. एकदा सरांनी नवसागर आणि चुना तळहातावर चोळून माझ्या नाकाशी धरला. अमोनियाने डोळ्यांतून पाणी आलं. "ह्यो वास दोघांतबी न्हाई," ते म्हणाले. "नाक तुझं तुलाच वापराय पायजे."

दिवाळीनंतर दोन प्रकाशीय समघटकांचा धडा झाला. लॅक्टिक आम्लाचे दोन प्रकार, एक दुसऱ्याचं आरशातलं रूप. दुसऱ्या दिवशी सर आल्या आल्या मी फुशारकीने म्हणाले, "सर, पुस्तकात छपाईची चूक आहे. दोन्ही आकृत्यांच्या नावांची अदलाबदल झालीय. मी कॅसेटवरून नीट उतरवून घेतलंय."

सरांनी माझी वही पाहिली. पुस्तक पाहिलं. मग मान वर करून दादांचा आरसा पाहिला आणि मटकन खुर्चीत बसून हसायला लागले. मी त्यांना तसं हसताना पुन्हा कधी पाहिलं नाही. माझ्या लक्षात आलं तेव्हा मला रडू कोसळलं. चार महिने मी आरशात सगळं उलटंच बघत होते, अक्षरं तेवढी मनात सुलटी करत होते, आणि जिथे उलट्याने खरोखर फरक पडतो तिथे पुस्तकालाच खोटं ठरवून मोकळी झाले होते.

"रडू नकोस," सर म्हणाले. "दोघांचं भांडण तुला दिसलं, म्हंजे तू दोघांकडं बघितलंस. लय पोरं एकाकडंच बघत्यात. फकस्त न्याय करायची घाई केलीस. भांडण दिसलं की आधी आपुन कुठं उभं हाय ते बघायचं."

त्याच दिवसांत लाईट जायला लागली. जायची दुपारी आणि यायची दिवस मावळल्यावर. दोन दिवस सर तशीच वाट बघत बसले. लाईट आल्यावर धडा घ्यायचा आणि मग उठायचं. पहिल्या संध्याकाळी आईने ताट वाढून पुढे केलं, तर त्यांनी हात जोडले. दुसऱ्या संध्याकाळीही तसंच झालं. आम्ही बौद्ध. दारापर्यंत येऊन पाणी नको म्हणणारी माणसं आईने जन्मभर पाहिली होती. तिने ताट खाली ठेवलं आणि सरळ विचारलं, "सर, आमच्या हातचं चालत न्हाई व्हय?"

दादा खाली बघायला लागले. सरांनी जोडलेले हात खाली घेतले. मग म्हणाले, "वहिनी, दिवस मावळल्यावर मी माझ्या आईच्या हातचंबी खाल्लं न्हाई. उद्या पाचला येतो. भाकरी करा. कांदा, लसूण, बटाटा नको."

म्हणजे गेले दोन दिवस ते माझ्यासाठी उपाशी झोपले होते. हे आधी आईच्या ध्यानात आलं आणि ती पदर तोंडाला लावून आत गेली. दुसऱ्या दिवशी सर पाचच्या आधी आले, मांडी घालून बसले आणि दोन भाकऱ्या मुगाच्या आमटीशी खाल्ल्या. "कांद्याबिगर चव हाय का काय?" आईने विचारलं. "हाय की. मीठ तेवढं जास्त झालंय." त्या दिवसापासून लाईट येईपर्यंत ते आमच्याकडे जेवूनच बसायचे.

अशा माणसाने डिसेंबरात आम्हाला नाही म्हटलं, म्हणून ते फार लागलं. प्रात्यक्षिकाच्या परीक्षेला बसायचं तर प्रयोगवहीवर विभागप्रमुखाची सही लागते. मी पडल्या पडल्या मैत्रिणीच्या वहीवरून सगळे प्रयोग सुबक उतरवले होते. आजारी मुलीला सगळेच एवढी सवलत देतात, असं दादांना कॉलेजात कुणीतरी सांगितलं होतं. सरांनी वही चाळली आणि मिटली.

"ह्यावर मी सही करणार न्हाई."

"सर, पोरीला उठाय येत न्हाई, तुमीच बघताय न्हवं," दादा म्हणाले. "तुमच्या सहीवर तिचं वरीस हाय."

"दादा, सही माझी हाय, पर प्रयोग तिचा पायजे. तिनं केलेलंच न्हाई त्याखाली मी काय लिहू?"

सर गेल्यावर आई कडाडली, "एवढं दिस शिकवलं आन् काठाला आणून हात सोडला!" रात्रभर मला एकच दिसत होतं, मामांनी आणून ठेवलेलं शिलाई मशीन.

जानेवारीत प्लास्टर कापलं, पाठीला पट्टा बांधला. पहिल्याच रविवारी सकाळी सर रिक्षा घेऊन दारात हजर. प्राचार्यांची परवानगी काढून त्यांनी प्रयोगशाळा उघडून घेतली होती. ती वरच्या मजल्यावर होती. दादांनी मला पाठुंगळी घेतलं. उंच स्टुलावर बसून मी त्या वर्षी पहिल्यांदाच परीक्षानळ्यांना हात लावला. शिशाच्या द्रावणात पोटॅशियम आयोडाइड टाकलं आणि माझा हात तसाच राहिला.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"सर, इतका पिवळा?"

"पुस्तकात लिहिलंय की पिवळा म्हणून."

"एवढा नव्हतं लिहिलं."

सर खिडकीकडे वळले आणि बराच वेळ तिकडेच बघत राहिले.

परीक्षेपर्यंतचे सगळे रविवार आम्ही तसे घालवले. पाठ दुखली की मी बाकावर आडवी व्हायची, सर वर्तमानपत्र वाचत बसायचे, मग पुन्हा सुरू. जे प्रयोग झाले त्यांच्याखाली त्यांनी सही केली. दोन राहिले. त्या पानांवर त्यांनी आडवी रेघ मारून लिहिलं, 'केला नाही.' बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ती पानं पाहिली, माझ्या पट्ट्याकडे पाहिलं आणि मला क्षार ओळखायला दिला. माझ्या परीक्षेच्या दिवशी सर मुद्दाम कॉलेजात आले नव्हते. स्वतः घरी शिकवलेल्या मुलीच्या वेळी आपण तिथे असू नये, असं त्यांनी प्राचार्यांना कळवलं होतं.

मी पास झाले. दादांनी शब्द पाळला. साताऱ्याला मुलींच्या वसतिगृहात राहून मी बी.एस्सी.ला गेले, रसायनशास्त्रच घेऊन. पेढे घेऊन गेले होते तेव्हा सर एवढंच म्हणाले, "आता तुला कॅसेट नको. नीट बघत जा."

मी शेवटच्या वर्षाला होते. अनुमापनाचं प्रात्यक्षिक सुरू असताना वसतिगृहाच्या बाई निरोप घेऊन आल्या. मगदूम सर पहाटे हृदयविकाराने गेले होते. मी ब्युरेट तशीच सोडून सांगलीची एसटी धरली. पोचले तेव्हा पुरुषमंडळी स्मशानातून परतली होती. त्यांत दादाही होते. सरांच्या पत्नींनी मला जवळ बसवून घेतलं. दिवस कलायला आला तसं कुणीतरी त्यांच्यापुढे ताट ठेवलं. त्या जेवल्या नाहीत.

चार दिवसांनी साताऱ्याला परतले, तर माझी प्रयोगवही पूर्ण झालेली होती. वैशालीने, माझ्या मैत्रिणीने, प्रेमाने त्या दिवशीच्या अनुमापनाचे स्वतःचे आकडे माझ्या तक्त्यात उतरवले होते आणि प्रात्यक्षिकाच्या मॅडमनी खाली सहीही केली होती. मी त्या पानावर आडवी रेघ मारली आणि शनिवारी प्रयोगशाळा उघडी मिळेल का, असं विचारायला गेले.

"अगं, सही झालीय की तुझी," मॅडम म्हणाल्या. "आता कशाला?"

"मॅडम," मी म्हणाले, "मी त्या दिवशी इथे नव्हते."