मोहताजखान्याची हजेरी

आमच्या घरात पणजोबांचं नाव कोणी घेत नसे. निजामाच्या काळात ते आदिलाबादच्या मोहताजखान्यात, म्हणजे निराधारांच्या सरकारी आसऱ्यात वारले, याची सगळ्यांना लाज. पंच्याऐंशी सालच्या सुमारास त्यांची नोंद शोधायला मी तिथल्या जुन्या कचेरीत गेलो. दफ्तर सांभाळणारा म्हातारा चपला बाहेर काढून खोलीत शिरला. लाल फडक्यातून त्यानं उर्दू वही सोडली आणि नावं मोठ्यानं वाचू लागला. प्रत्येक नावावर बोट ठेवून तो भिंतीकडे कान करायचा, मान हलवायचा आणि मगच पुढचं नाव घ्यायचा.

"काऊन थांबून राह्यले?" मी विचारलं.

"हजेरी हाय ही. हाजिर म्हटल्याबिगर तिथं भाकर भेटत नव्हती."

पणजोबांच्या नावावर मात्र त्याची मान हलली नाही. बोट तिथंच ठेवून तो माझ्याकडे वळला.

"हे रोज चूप राह्यतेत," तो म्हणाला. "तुमी घरचे आहा. तुमीच बोला."

मला हसायचं होतं, पण मी हळूच म्हणालो, "हाजिर."

त्यानं पुन्हा भिंतीकडे कान केला आणि मान हलवली. वहीला फडक्याची गाठ मारत म्हणाला, "आज जेवतीन ते."