मुदलाळींची राहून गेलेली सुळी

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की पहिली टिंगल माझी असते, कुणालाही विचारा! पण हे भर दुपारी घडलंय, आणि कधी एकदा सांगतो असं झालंय.

मी मूळचा सांगलीचा. नोकरी चेन्नईत, अंबत्तूरला; राहतो तिथल्याच तिरुवल्लिकेणीत, घरमालक रावमामांच्या माडीवर. मामा तंजावरकडचे मराठी, निवृत्त शिक्षक; मला लाडाने 'कण्णा' म्हणतात. मला नाद एकच — जुनी पत्रं जमवायची. परवा टी. नगरमागच्या एका रद्दीवाल्याकडे घबाडच लागलं! एका बड्या, कधीच वारलेल्या गिरणीमालकाचा खासगी धंद्याचा पत्रव्यवहार. पत्रं टाइप केलेली, खाली झोकदार सही, आणि बहुतेकांच्या डोक्यावर शाईने काढलेली 'उ'सारखी छोटी खूण.

सगळं स्कॅन केलं आणि गठ्ठा घेऊन धावत मामांकडे गेलो.

"पिळ्ळैयार सुळी ही!" मामा हसले. "गणपतीची खूण, आपण 'श्री' लिहितों तशी. मुदलाळी कोऱ्या कागदावर आधीं सुळी काढणार, मगच अप्पा तो टाइपरायटरला लावणार."

मुदलाळी म्हणजे मालक. आणि मामांचे अप्पा, म्हणजे वडील, त्यांचेच सेक्रेटरी! मी तर उडालोच.

मग मामांच्या हाती एक पत्र आलं. यंत्रांची मोठी ऑर्डर. वर सुळी नव्हती. मामांचा चेहरा खर्रकन उतरला.

"हेंच तें, कण्णा. यंत्रं बुडीत गेलीं. मुदलाळी म्हणाले, मी सांगितलंच नाहीं. सुळी नाहीं, म्हणजे अप्पांनींच लिहिलं, सहीपण त्यांनींच गिरवली. घरीं बसवलं त्यांना. 'घाईंत मुदलाळींकडून राहिली रे ती,' म्हणत म्हणत गेले अप्पा. कोणी ऐकलं नाहीं."

मला फार वाईट वाटलं. सही उजेडात बघावी म्हणून पत्र प्लास्टिकच्या कव्हरातून काढून खिडकीशी नेलं. मामा खुर्चीतच होते. खोलीत शाई सोडाच, साधं पेनही नव्हतं. रागाच्या भरात मी म्हणालो, "काय हो मुदलाळी, आता तरी खरं बोला!"

...आणि अंगठ्याला ओलं लागलं.

सुळी! ताजी, चकचकीत, माझ्याच अंगठ्याने जराशी फरफटलेली! मी ओरडलो, मामा उठून आले, आम्ही दोघं वेड्यासारखे कागदाकडे बघत राहिलो.

माझ्या स्कॅनमध्ये ती जागा आजही कोरी आहे. ऑफिसातले म्हणतात, फोटोशॉप. म्हणू देत! मी चार वेळा सगळं तपासलं, शाई कुठून आली ते मला सांगता येत नाही.

असं पत्र संग्राहक जन्मात हातचं सोडत नाही. मी तिथल्या तिथे मामांना देऊन टाकलं. त्यांनी ते अप्पांच्या फोटोपुढे धरलं आणि लहान मुलासारखे रडले. मी हळूच विचारलं, "मामा, हे झालं तरी कसं?"

डोळे पुसत ते म्हणाले, "उशीर केला मुदलाळींनीं. पण आले."