इंजिनियरचा डावा हात

माझे बाबा नागपूरला सदरमधल्या एका दुकानात बाइंडर होते. प्रताप नगरातल्या आमच्या दोन खोल्यांतून ते रोज सायकलने तिकडे जात आणि संध्याकाळी परत येताना कॅरिअरला कापडात गुंडाळलेलं काम घेऊन येत. जवळच्या लायब्ररीतली हाताळून खिळखिळी झालेली पुस्तकं त्यांच्याकडे शिवायला येत. त्यातच मला अंतराळयानाची ती मालिका सापडली. तेव्हा मी सातवीत होते.

शिवण उसवली की पुस्तकाचे सोळा-सोळा पानांचे फर्मे सुटे होतात. एकेक फर्मा मी मोठ्याने वाचायची आणि बाबांकडे द्यायची. तो शिवून होईस्तोवर पुढचा वाचून व्हायचा. बाबा फक्त चौथी शिकलेले. त्यांना वाचता येई, पण अक्षर लावत लावत. ऐकायला मात्र असे बसत की सुई हातातच राहायची.

"थांबली काहून वं? यान शनीजवळ पोचलं, मंग?"

"मंग तुम्ही शिवा, बाबा. तुमचा दोरा तिथंच आहे."

यानावर एक डॉक्टरीणबाई होती, एक कप्तान आणि एक खोडकर इंजिनियर. त्या लेखकाचे सात भाग आम्ही असेच संपवले. पुढे लायब्ररीने जुनी पुस्तकं रद्दीत काढली, तेव्हा बाबांनी दुकानाच्या मालकामार्फत शब्द टाकून सातही भाग घरी आणले आणि हिरव्या कापडात बांधले. सातव्या भागाच्या शेवटी यान शनीच्या पलीकडे अडकलं होतं. आठवा भाग आलाच नाही.

मी बी.एस्सी.ला गेले. एकदा मधल्या सुट्टीत मी तिसरा भाग पुन्हा वाचत बसले होते. आमच्या एका प्राध्यापकांनी तो उचलून पाहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "विज्ञान शिकता आणि हे वाचता?" वर्ग हसला. पुस्तक धाकट्या भावाचं आहे असं मी सांगितलं. मला भाऊ नव्हता. त्या दिवसापासून ती हिरवी पुस्तकं मी हातात धरली नाहीत. बाबांनी दोनदा वाचायला सांगितलं, मी अभ्यासाचं कारण काढलं. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही.

पुढे कुहीच्या शाळेत मी विज्ञान शिकवायला लागले. तिथंच खोली घेऊन राहायची. शाळेच्या मागे धानाच्या बांध्या होत्या. ऐंशी साल उलटून गेलं होतं. बाबा काम सोडून घरी बसले होते. एका शुक्रवारी त्यांचं पोस्टकार्ड आलं. मोठ्या, सुट्या अक्षरांत दोन ओळी: "आपलं यान परत आलं. रविवारी ये."

मला आधी काही कळेचना. मग एकदम कळलं आणि मी स्टाफरूममध्ये एकटीच हसले. रविवारची वाट न पाहता शनिवारची शाळा सुटताच एस.टी. धरली.

बाबांनी आठवा भाग सदरमध्ये पुस्तकांच्या दुकानात मांडलेला पाहिला आणि घेऊन टाकला होता. पण उघडला नव्हता. माझ्यासाठी थांबले होते. मी वाचायला बसले. तेरा वर्षांनी तीच माणसं बोलायला लागली आणि डॉक्टरीणबाईचं पहिलंच वाक्य मी दोनदा वाचलं. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "बापलेकीले आज जेवाचंय का नाही?"

चौथ्या प्रकरणात इंजिनियर दोन्ही हातांनी चाक फिरवतो. बाबांनी मला थांबवलं.

"याले दुसरा हात कुठून आला?"

"म्हणजे?"

"पाचव्या भागात याचा डावा हात दारात सापडून गेला नं वं. डॉक्टरीणबाई रात्रभर बसली होती त्याच्यापाशी."

मी पाचवा भाग काढून पाहिला. बाबांचं बरोबर होतं. एकदाच ऐकलेली गोष्ट, तीही इतक्या वर्षांपूर्वी!

"लिही त्याले," बाबा म्हणाले.

"एवढा मोठा लेखक, बाबा. त्याची चूक आपण काढायची?"

"मोठा हाय म्हणूनच सांगावं लागते. चांगल्या कामात एक टाका सुटला तं आपण सांगत नाही का?"

मी प्रकाशकाच्या पत्त्यावर पत्र लिहिलं. चूक माझ्या वडिलांनी पकडली आणि ते बाइंडर आहेत, हेही लिहिलं. महिन्याभराने लेखकाचं उत्तर आलं. घर बदलताना जुन्या पुस्तकांची पेटी हरवली, पाचव्या भागाची प्रत त्यांच्याकडे नव्हती, जुना प्रकाशकही आता नव्हता. हात आपणच तोडला होता हे ते साफ विसरले होते. नववा भाग लिहायला घेतलाय, तो हात कसा निस्तरावा हे वडिलांना विचारून कळवाल का, असं त्यांनी मनापासून विचारलं होतं.

बाबांनी ते पत्र दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "हात डॉक्टरीणबाईनं बनवून देला म्हणा. लोखंडाचा, आत तारा. मधल्या वर्षांत तिनं दुसरं केलं काय असंन?"

"आणि पाचवा भाग? त्यांच्याकडे नाही तो. पोस्टाने पाठवू?"

"हरवलं तं? मी उतरवून देतो."

मी उतरवते म्हटलं, तर म्हणाले, "तुले शाळा हाय. मी रिकामाच बसून राहिलो."

चौथी शिकलेल्या माझ्या बाबांनी अख्खं पुस्तक हाताने उतरवलं. रेघांच्या वह्या, निळी शाई, दिवसाला तीन-चार पानं. दर रविवारी मी मूळ पुस्तक समोर धरून तपासायची. सुरुवातीला चुका सापडत. शेवटच्या दोन वह्यांत एकही सापडली नाही. वह्या त्यांनी एकत्र शिवल्या, पुठ्ठा चढवला आणि खळीत मोरचूद घातलं, कीड लागू नये म्हणून. आम्ही दोघांनी जाऊन ते रजिस्टर पोस्टाने रवाना केलं.

दीड वर्षाने नववा भाग आला, लेखकानेच पाठवलेला. पहिल्या पानावर छापलं होतं की पाचवा भाग स्वहस्ते उतरवून देणाऱ्या आणि इंजिनियरला हात देणाऱ्या नागपूरच्या बाइंडरांना हे पुस्तक अर्पण. बाबांनी ते स्वतः वाचलं, अक्षर न लावता, सलग. मग पुस्तक उलटं करून पाठ दाबून पाहिली. "शिलाई कच्ची हाय," म्हणाले आणि सुई-दोरा काढायला उठले.

मी ते पुस्तक शाळेत नेलं. ज्याला त्याला पहिलं पान दाखवलं आणि हे माझे बाबा म्हणून सांगितलं, लोखंडाच्या हाताची गोष्टही सांगितली. मुख्याध्यापकांकडून शनिवारचा शेवटचा तास मागून घेतला आणि आठवीच्या वर्गात पहिल्या भागापासून वाचायला लागले. एका शनिवारी बाबा कुहीला आले आणि मागच्या बाकावर बसले. तास संपल्यावर एका मुलीने त्यांना विचारलं, "आजोबा, लोखंडाचा हात बोटं कशी वाकवते?"

बाबा उठून फळ्याशी आले. माझ्याकडून खडू घेऊन त्यांनी मनगट काढलं, तारा काढल्या, कोणती तार ओढली की कोणतं बोट वाकेल ते सांगितलं. घंटा होऊन गेली होती. एकही मूल उठलं नाही. मी खिडकीपाशी उभी राहून मुलांसारखीच ऐकत होते.